कुळाचे नाव : निरंक

सातबाऱ्याचा उतारा हा मराठीतला सर्वांत रूक्ष साहित्यप्रकार आहे, असं माझं बरीच वर्षं मत होतं. पात्रं पुष्कळ, पण एक पात्र दुसऱ्याशी बोलेल तर शपथ! ज्यांच्या नावाला कंस आहे ते वारले आणि ज्यांच्या नावाला कंस नाही ते भांडताहेत, एवढंच कथानक. पण गेल्या मे महिन्यात कडावच्या घराच्या पडवीत बसून मी आमचा सातबारा चार वेळा वाचला आणि पाचव्या वेळी एका रकान्यापाशी अडखळलो. रकान्याचं शीर्षक होतं, 'कुळाचे नाव'. आणि पुढे लिहिलं होतं, 'निरंक'.

निरंक! मी परसाकडे पाहिलं. आंब्यावर दोन कावळे एका काटकीवरून हातघाईवर आले होते. अळवाच्या ओल्या आळ्यात एक बेडूक डोळे मिटून उन्हाळा सरायची वाट बघत होता. विहिरीच्या कठड्यावर एक सरडा तालमीतल्या पैलवानासारखा जोर काढत होता. आणि सरकार म्हणत होतं, इथं कूळ म्हणून कुणी नाही.

आता हा उतारा वाचायची वेळ माझ्यावर का आली, ते सांगायला हवं. कर्जतला गाडीतून उतरावं, वडा खावा, मुरबाडच्या रस्त्याला लागावं की आमचं कडाव येतं. गावात बालदिगंबर गणेशाचं देऊळ आहे. पश्चिमेला माथेरानचा डोंगर, पूर्वेला भीमाशंकरकडची सह्याद्रीची भिंत आणि मध्ये ही आमची बशी. मे महिन्यात या बशीचा तवा होतो. १८५० सालच्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब पलीकडच्या चौक गावाकडून डोंगर चढून गेले आणि त्यांनी माथेरानचा 'शोध लावला', असं इतिहास सांगतो. मला त्यात शोधाचा भाग फारसा दिसत नाही. मे महिन्यात भर दुपारी कुणालाही इथं आणून उभं केलं, तर तो समोर दिसेल तो डोंगर चढायला लागेलच.

आम्ही मात्र पिढ्यान्‌पिढ्या खालीच राहिलो. त्याचं कारण आमचं परस. पुढे कौलारू घर आणि मागे अकरा गुंठे जागा. वर्षभर तिथं राहते ती एकटी काकू. बाकीचे आम्ही ठाणे, डोंबिवली, पुणे अशा ठिकाणांहून मे महिन्यात आंब्याबरोबर प्रकटतो आणि पावसाच्या आधी आंब्याबरोबरच संपतो.

यंदा अण्णा आला तो आंब्याच्या पेटीऐवजी फाईल घेऊन. अण्णा माझा थोरला भाऊ. अडतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की तो मनातल्या मनात तिच्यावर कर्ज किती देता येईल, याचा हिशेब करतो. (माझ्या लग्नात मला पाहून त्याने तो केला होता, असा मला संशय आहे.) कुणी एक पार्टी जागा बघून गेली होती. तिथं पोहण्याचा तलाव असलेले चार बंगले व्हायचे होते. हल्ली कर्जतच्या बाजूला याला 'सेकंड होम' म्हणतात. पहिल्या घरी ज्यांना बसायला फुरसत नाही, ते दुसरं घर घेतात.

"परसात आहे काय?" अण्णा म्हणाला. "दोन आंबे, एक फणस, चार केळी आणि बाकी पालापाचोळा. काकूला ठाण्याला लिफ्टचं घर घेऊ. साठ वर्षं विहिरीचं पाणी ओढलं तिनं. गुडघे बघितलेस तिचे?"

गुडघे मी बघितले होते. त्यामुळे मला अण्णावर रागावता येईना. सातबाऱ्यावर नावं तीन. अण्णा, मी आणि काकू. काकू आमसुलं वाळत घालत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुम्ही दोघं म्हणाल तिथं सही करते मी. फक्त आदल्या दिवशी सांगा, म्हणजे विरजण लावायची नाही."

यावर कुणी काही बोललं नाही. वहिनीने उगाचच पंखा मोठा केला.

मग अण्णानं मला काम लावलं. "तुला इतिहासाची खाज आहे. परसात काय काय आहे त्याची यादी कर. झाडांचे पैसे वेगळे मागता येतात. आणि वर ठळक लिही : सर्व झाडे अस्सल गावरान."

इथंच घोळ झाला. कारण मी यादी प्रामाणिकपणे करायला घेतली.

काजूपासून सुरुवात केली. काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतातून आला. अननस आणि पपई तिकडच्याच. काजू, अननस, पपई ही नावंसुद्धा पोर्तुगीजांकडून आपण घेतली आहेत, नुसती फळं नव्हेत. पेरू अमेरिकेचा. रामफळ अमेरिकेचं. सीताफळही अमेरिकेचंच. हे ऐकल्यावर वहिनी म्हणाली, "म्हणजे वनवास बराच लांबवर झाला म्हणायचा!" कुंपणाकडेच्या मिरच्या? त्याही तिकडच्याच. ज्ञानेश्वरांच्या काळी महाराष्ट्रात मिरची नव्हती. तिखट हवं तर मिरी. तेव्हाच्या सासवा कशाच्या जोरावर बोलत असत, कोण जाणे.

निदान फुलं तरी आपली असतील म्हणून तिकडे वळलो, तर झेंडू मेक्सिकोचा! ज्याच्या तोरणाशिवाय आपला दसरा उजाडत नाही, तो. गुलबक्षी अमेरिकेची. देवचाफा, म्हणजे ज्याच्या नावातच देव आहे तो, मध्य अमेरिकेचा. सदाफुली आणि गुलमोहर ही जोडी मादागास्करची. आणि कोपऱ्यातली चिंच फार प्राचीन काळी इकडे आलेली असली, तरी मूळची आफ्रिकेची. लहानपणी तिच्यावर एक भूत असे. आजवर आम्ही त्याला गावातलं समजत होतो. आता तेही तपासून घ्यायला हवं.

"आंबा?" अण्णानं शेवटचं हत्यार काढलं.

आंबा आपला. त्यात वाद नाही. पण हापूस हे नाव आफोंसो द अल्बुकर्कचं, ज्यानं १५१० साली गोवा घेतला त्याचं. आणि आंब्याला कलमं बांधायची हौस गोव्यात वाढवली ती पोर्तुगीजांनी. तेव्हा संपूर्ण परसात छातीवर हात ठेवून 'आमची' म्हणावीत अशी झाडं निघाली ती रायवळ आंबा, फणस, जांभूळ, करवंदाची जाळी आणि दारातली तुळस.

"म्हणजे बाकी सगळं उपरंच?" अण्णाचा चेहरा, तारण ठेवलेला दागिना पितळेचा निघाल्यासारखा झाला.

"मी तरी कुठं इथली?" काकू म्हणाली. "मी पेणची." आणि उठून पन्ह्यासाठी कैऱ्या उकडायला गेली.

अशी यादी करणारा मी काही पहिला नव्हे. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि इथल्या औषधी झाडापाल्यावर त्यानं एक जाडजूड पुस्तक लिहिलं. ते १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. या गृहस्थाला मुंबई बेट पट्ट्यानं मिळालं होतं. अख्खं बेट! तिथं त्याची बाग होती. आज त्या पट्ट्याचं मूल्य काढायला सांगितलं, तर अण्णाला पेन्शनीतून परत नोकरीत यावं लागेल.

पण आमच्या परसाचा खरा इतिहासकार माझ्या मते वेगळाच. त्याचं नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. नाव साहेबाचं असलं तरी जन्म साताऱ्याचा, १८५१ सालचा. बाप मिशनरी. पोरगा मुंबई विद्यापीठाचा पदवीधर झाला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवू लागला आणि १८७६ मध्ये जकात आणि मिठाच्या खात्यात शिरला. लॅटिनमधून एकदम मिठात! त्याच्या लिखाणाला जी चव आहे, ती तिथूनच आली असावी. नोकरीत तो खाराघोडा, कारवार, रत्नागिरी असा फिरला. आमच्याच जिल्ह्यातल्या उरणलाही होता. (तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा. रायगड झालं ते १९८१ मध्ये.)

त्या काळी सरकारला सरहद्दीवरच्या टोळ्यांचं भारी वेड. १८७८ ते १८८० अफगाणांशी युद्धच चाललं होतं. एटकेननं १८८३ साली एक पुस्तक काढलं. त्याच्या नावाचं मराठी करायचं तर 'माझ्या सरहद्दीवरच्या टोळ्या'. सरहद्द कुठली? तर त्याच्या बंगल्याचं कुंपण. टोळ्या कुठल्या? तर उंदीर, डास, पाली, मुंग्या, कावळे, वटवाघळं, गांधीलमाश्या, कोळी आणि बेडूक. प्रत्येक टोळीवर एक प्रकरण. आणि पोटशीर्षक काय, तर हिंदुस्थानातल्या एका निसर्गप्रेमी माणसाचं परराष्ट्र धोरण! हे पुस्तक मला वीस वर्षांपूर्वी फोर्टातल्या फुटपाथवर मिळालं, आणि तेव्हापासून घरातल्या पालीकडे मी जरा राजनैतिक नजरेनं पाहू लागलो. आमच्या हीचं परराष्ट्र धोरण मात्र अजून झाडूवरच उभं आहे.

त्याच वर्षी, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, मुंबईत राणीच्या बागेतल्या म्युझियममध्ये आठ माणसं जमली. दर महिन्याला भेटायचं, आपापल्या पाहण्यात आलेले प्राणी-पाखरं एकमेकांना सांगायची-दाखवायची, एवढाच ठराव. त्यातून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी जन्माला आली. एटकेन तिचा पहिला चिटणीस. त्या आठांत सहा साहेब आणि दोघे मराठी डॉक्टर होते, हे आपल्याला सहसा माहीत नसतं. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे. हे सखाराम अर्जुन म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. लहानपणी लावलेलं लग्न मानायचं नाही म्हणून रखमाबाई नवऱ्याकडे नांदायला जाईनात, आणि १८८४ साली नवऱ्यानं त्यांच्यावर दावा लावला. साऱ्या मुंबईत त्यावरून वादळ उठलं. घरात एवढा मुकदमा, आणि घरचा कर्ता माणूस मुलीच्या पाठीशी उभा राहून शिवाय झाडापाल्याचाही अभ्यास करतो आहे. १८८५ मध्ये ते वारले. मुलगी पुढे विलायतेला जाऊन डॉक्टर झाली. परसात रमणारी माणसं रिकामटेकडी असतात असं अण्णाचं मत आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

एटकेनचं शेवटचं सांगतो आणि परत कडावला येतो. १९०२ साली गोव्याच्या हद्दीवरच्या जकात नाक्यांवर हिवताप का पसरतो, हे पाहायला सरकारनं त्याला धाडलं. तिथं त्याला हिवतापाच्या डासांच्या कुळीतली एक नवीच जात सापडली, आणि त्या डासाला शास्त्रज्ञांनी त्याचंच नाव दिलं. कुणाचं नाव रस्त्याला देतात, कुणाचं चौकाला. डासाला नाव मिळणं हा खरा सन्मान. रस्त्याचं नाव सरकार बदललं की बदलतं.

तर एटकेनला स्मरून मी यादीचं पान उलटलं आणि मागे नवं शीर्षक घातलं, 'परसातील कुळे'.

कावळे : कायम कूळ. तीन पिढ्यांची वहिवाट. कोकिळा : कावळ्याची पोटभाडेकरू. अंडं कावळ्याच्या घरट्यात, मूल कावळ्यानं वाढवायचं, आणि वसंताचं श्रेय हिला. तिथंही आपली गफलत आहे. कुहूकुहू करतो तो नर. कवी दाद देतात ती मादीला. तांबट : भर दुपारी, सगळे आडवे झाल्यावर, अदृश्य राहून तांब्याचं भांडं ठोकतो. वटवाघळं : रात्रपाळी. खंडाची रीत उलटी, म्हणजे कूळ आंबे खातं आणि मालकाला कोयी देतं. खार : ठेवी पुरून ठेवते आणि कुठं पुरल्या ते विसरते. वाळवी : 'इतर हक्क' या रकान्यात. अण्णाच्या फाईलला तिने आधीच भेट दिल्याचं नंतर उघड झालं. भारद्वाज : याचं दर्शन शुभ मानतात. धामण : काकूच्या भाषेत 'आपली ती'. पाहुण्यांना तिचं नाव सांगायचं नाही, म्हणजे पाहुणे राहतात.

आणि पडवीत बुलबुल.

आम्ही आलो त्या दिवशी मीटरच्या पेटीमागच्या वायरींच्या गुंत्यात वाटीएवढं घरटं दिसलं. "शॉर्ट सर्किट होईल, काढा ते," म्हणत अण्णा स्वतःच फूटपट्टी घेऊन स्टुलावर चढला. वर जाऊन बराच वेळ काही बोलला नाही. मग बँकेत 'इन्स्पेक्टर आलेत' म्हणतात त्या आवाजात म्हणाला, "तीन अंडी आहेत." फूटपट्टी त्यानं माझ्या हातात दिली. त्या रात्रीपासून पडवीतला दिवा लावायला बंदी झाली. काळोखात आमची ही घंगाळ्यावर आपटली, तेव्हा "हळू!" एवढंच अण्णा म्हणाला. ते हिला उद्देशून नव्हतं, आवाजाला उद्देशून होतं.

कूळ हा शब्द मी थट्टेत वापरला खरा, पण आमच्या जिल्ह्यात तो थट्टेचा नव्हता. खोतांच्या जाचाविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षं जमीन कसायची थांबवली. शेतकऱ्यानं जमीन पडीक ठेवायची म्हणजे स्वतःच्याच पोटाला चिमटा. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे १९४८ चा कुळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषकदिन' ठरून कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. कसेल त्याची जमीन. कागदावर नाव कुणाचं यापेक्षा घाम कुणाचा, हे आधी पाहा, असं कायद्यानं म्हणायला इतकी वर्षं गेली.

तेव्हा प्रश्न असा, की आमचं परस कसतं कोण? मी नाही. मी मे महिन्यात आरामखुर्ची सावलीप्रमाणे सरकवतो, एवढीच माझी मशागत. अण्णाही नाही.

या प्रश्नावर डार्विनसाहेबांचं मत उपलब्ध आहे. त्यांचं शेवटचं पुस्तक माकडांवर नाही, गांडुळांवर आहे, १८८१ सालचं. स्वतःच्या घराच्या आवारातली गांडुळं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली आणि हिशेब काढला, की इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी एकरी दहा टनांहून जास्त माती गांडुळं दर वर्षी आपल्या पोटातून काढून वर आणतात. गांडुळांना ऐकू येतं का, हे पाहायला सगळं कुटुंब कामाला लागलं. बायको एमा पियानो वाजवी. मुलगा फ्रान्सिस 'बसून' नावाचं मोठं फुंकवाद्य वाजवी. (हे वाद्य उभ्यानंही वाजवता येतं.) गांडुळं ढिम्म. पण त्यांची कुंडी पियानोवर ठेवून स्वर वाजवला, तेव्हा मात्र ती सर्रकन बिळात गेली. कान नसले तरी हादरा कळत होता. सुटीत घरदार जमल्यावर काय करावं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आमच्याकडे पत्ते खेळतात.

हे मी अण्णाच्या नातवाला सांगितलं. तो नऊ वर्षांचा. त्यानं लगेच अळवाच्या आळ्यात काठी खुपसली आणि गांडुळापुढे मोबाईलवर गाणं लावलं. गांडुळानं दाद दिली नाही. काकू मात्र धावून आली. "अरे, नको उकरूस! ती काम करताहेत." मग कळलं, की ज्याला अण्णा पालापाचोळा म्हणतो तो काकू दर वर्षी झाडून झाडांच्या बुंध्याशी लावते, वर न्हाणीघराचं पाणी सोडते आणि आंबे उतरवायला आलेल्या गड्याला बजावते, "शेंड्यावरचे ठेव. ते पाखरांचे." साठ वर्षं हे चाललंय. डार्विन तिनं वाचलेला नाही. डार्विनलाही काकू ठाऊक नव्हती, हे त्याचं नुकसान.

बारा मेच्या सकाळी तिन्ही अंडी फुटली. अण्णानं बँकेच्या जुन्या डायरीत खातं उघडलं. डावीकडे वेळ, उजवीकडे 'जमा' : एक नाकतोडा, एक अळी, एक ओळखू न आलेले फळ. नर कोण आणि मादी कोण हे दोघांकडे पाहून कळेना, कारण बुलबुलात दोघं सारखीच दिसतात आणि दोघंही भरवतात. अण्णाला हे फार आवडलं. "संयुक्त खातं!" तो म्हणाला. वहिनी म्हणाली, "यांनी आमच्या मुलांना एक घास भरवला असेल तर विचारा."

मी त्याला सालिम अलींची गोष्ट सांगितली. तीही आमच्याच जिल्ह्यातली. १९३० साली जर्मनीतून पक्षिशास्त्र शिकून आले, तर मुंबईच्या म्युझियममधली नोकरी गेलेली. दुसरी मिळेना. मग बायकोबरोबर अलिबागजवळ किहीमच्या लहानशा घरात येऊन राहिले. पावसाळ्यात जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत लागली. बेकार माणसाकडे वेळ असतो. ते रोज बघत बसले, आणि कुणाला न दिसलेलं त्यांना दिसलं. घरटं विणतो तो नर. अर्धं झालं की मादी येऊन बघते. पसंत पडलं तर राहते, मग नर ते पुरं करतो आणि लगेच दुसरं घरटं दुसरीसाठी सुरू करतो. आपण नाव ठेवलं सुगरण, आणि काम करतो सुगरणीचा नवरा!

"म्हणजे बिल्डरच की!" अण्णा म्हणाला. पण त्याच्या आवाजात पूर्वीचा आदर नव्हता.

सोळा तारखेला, आम्ही सगळे रसाच्या पंगतीत असताना, पडवीत कालवा झाला. धावत गेलो तोवर भारद्वाज एक पिल्लू घेऊन जांभळीवर पोचला होता. बुलबुलांची जोडी त्याच्याभोवती आकांत करत होती. भारद्वाजाचं दर्शन शुभ, असं मीच यादीत लिहिलं होतं. अण्णा हात धुवायचं विसरून, रसाचं बोट तसंच धरून उभा राहिला. नातू रडायला लागला. काकूनं त्याला जवळ घेतलं आणि म्हणाली, "त्याच्याकडंही पिल्लं असतील रे." मग जरा थांबून, "पण आपण लक्ष ठेवायला हवं होतं." त्या दिवशी डायरीत अण्णानं 'खर्च' या बाजूला पहिली नोंद केली. त्यात वेळ होती. बाकी काही लिहिलं नव्हतं.

एकवीस तारखेला पार्टी आली. दोन गृहस्थ, एक मोजणीची टेप आणि पाठीमागे न बंद केलेली गाडी. अण्णा दारातच ओठांवर बोट ठेवून उभा.

"हळू बोला. पिल्लं आहेत घरात."

"अरे वा! अभिनंदन. किती महिन्यांची?"

"नऊ दिवसांची."

दोघांनी अदबीनं चपला काढल्या. मग अण्णानं त्यांना मीटरची पेटी दाखवली. ते मोकळेपणानं हसले. त्यांतला थोरला परसात फेरी मारून आला आणि म्हणाला, "साहेब, बोलणं पक्कं करू. तेवढी झाडं आणि हे सगळं पावसाच्या आत काढून जागा रिकामी करून द्या."

अण्णा परसाकडे बघत राहिला. आंब्यावर कावळे होते. तांबट भांडं ठोकत होता. काकू न्हाणीघराचं पाणी वळवायला वाकून, एक हात गुडघ्यावर ठेवून, पाट मोकळा करत होती.

"जागा रिकामी नाही," अण्णा म्हणाला.

"म्हणजे?"

"कुळं आहेत."

त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. जमिनीच्या धंद्यातल्या माणसाला साप म्हटलं तर तो काठी शोधतो. कूळ म्हटलं तर गाडी शोधतो. "पण सातबाऱ्यावर तर निरंक आहे!"

"सातबारा अपुरा आहे," अण्णा म्हणाला. "आमच्या बंधूंनी यादी केली आहे. दाखवू?"

त्यांनी यादी पाहिली नाही. गाडी चालूच होती, ती वळली आणि गेली.

पंचवीस तारखेच्या सकाळी दोन्ही पिल्लं वायरीवरून झोपाळ्याच्या कडीवर, कडीवरून तुळशीच्या कट्ट्यावर आणि तिथून करवंदाच्या जाळीत गेली. अण्णानं खातं बंद करून खाली सही केली. पडवीतला दिवा चोवीस रात्रींनी लागला.

आता, जागा वाचली वगैरे मी म्हणणार नाही. फाईल अण्णाच्या बॅगेत आहे. पार्ट्या काही संपलेल्या नाहीत, काकूचे गुडघे बरे झालेले नाहीत आणि आम्ही दोघंही आता तरुण होत नाही. अण्णानं विहिरीवर पंप बसवून घेतला. 'दिवाळीनंतर बघू' म्हणाला, आणि पहिला पाऊस पडेपर्यंत इथंच राहतो, असंही म्हणाला. एरवी जूनच्या आधी पळणारा माणूस! विचारलं तर म्हणे, सुगरण घरटं बांधायला कधी सुरुवात करते ते बघायचंय.

आम्ही निघालो त्याच्या आदल्या रात्री ढग जमले होते. जांभळीच्या अंधारात काजवे लागले होते. आतून भांड्याचा आवाज आला म्हणून मी स्वयंपाकघरात डोकावलो. काकू दुधाच्या पातेल्यात बोट बुडवून कोमटपणा बघत होती. मग तिनं कालच्या दह्याचा चमचा त्यात सोडला, ढवळलं आणि वर झाकण ठेवलं.